माझ्यावर झालेलं कीर्तन

मी गर्विष्ठ आहे असं माझ्याबद्दल बोललं जातं, आणि ते खरं आहे. उभा जन्म मुलींना शिकवण्यात गेला. माझ्या वर्गातून गेलेली मुलगी शंभरजणींत ओळखू यायची, कारण ती ताठ बसायची आणि सुरू केलेलं वाक्य पुरतं करायची. कुणी माझी चूक काढलेली मला खपत नसे, अजूनही खपत नाही. पण ज्या एका मुलीचा मला सगळ्यांत जास्त अभिमान वाटतो, तिने भर मांडवात माझी जिरवली होती. ती हकीकत मी आजवर अर्धीमुर्धीच सांगत आले. आज पुरती सांगते.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आता ज्याला श्रीरामपूर म्हणतात, त्या स्टेशनापासून टांग्याने तासाभराच्या अंतरावर आमची मिशनची मुलींची शाळा होती. शाळेला जोडून बोर्डिंग. एका अंगाला पाटाच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला नुसती कुसळं आणि दगड. मी चोविशीत होते, बिनलग्नाची, आणि आपल्याइतकं चांगलं कुणी शिकवत नाही याची मला पक्की खात्री होती.

माझे वडील ख्रिस्ती कीर्तनकार होते. आमच्या जिल्ह्यात त्यात नवल काही नव्हतं. आजोबांच्या पिढीने धर्म बदलला, कानाची सवय मात्र तीच राहिली. बाकावर बसून ऐकलेला उपदेश लोक दाराबाहेर पडेपर्यंत विसरत. तोच उपदेश पेटी-तबल्यावर, चिपळ्यांच्या ठेक्यात आला की दोन-दोन तास कुणी हलत नसे. वडील गेले तेव्हा त्यांच्या चाली माझ्या डोक्यात होत्या, बोलायला शब्दही होते, पण गळा नव्हता. मी गायला लागले की बोर्डिंगातली मांजर उठून जायची. त्यातून बाईमाणसाने कीर्तनाला उभं राहायचं म्हणजे आमच्याकडे भुवया वर जात.

अशात ती आली. काष्टीच्या पलीकडच्या एका वाडीतून तिच्या मामाने रेल्वेने आणून सोडली. आई-बाप नव्हते. वय अकरा-बारा. देवीच्या वणांनी चेहरा भरलेला आणि डावा डोळा त्याच आजारात गेलेला. मुली तिच्या शेजारी बसायला कां-कूं करायच्या. मी त्यांना दटावलं, पण खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी माझीही नजर तिच्या चेहऱ्यावरून घसरून पाटीवर गेली होती.

एका सकाळी मी माझ्या खोलीच्या ओट्यावर वडिलांच्या चिपळ्या घेऊन एक चाल आठवत बसले होते. दुसरी ओळ काही केल्या जुळेना. तेवढ्यात भिंतीपलीकडे कोठीच्या खोलीत जात्यावर बसलेल्या कुणीतरी ती ओळ सुरात पुरी केली. मी उठून पलीकडे गेले. ही दळत होती. मला बघून खुंटा सोडून उभी राहिली.

"ही चाल तुला कुणी शिकवली?"

"कुनी न्हाई. तुमी रोज म्हनता, मी ऐकती."

भिंतीआडून ऐकून तिने सहा महिन्यांत माझ्या वडिलांची निम्मी पदं उचलली होती. त्या दिवसापासून मी तिला हातात घेतलं. वडिलांच्या चाली, माझे शब्द आणि तिचा गळा, असं सगळं जोडून मी एक कीर्तनकार तयार करायला बसले. रोज शाळा सुटली की तासभर. उभं कसं राहायचं, चिपळी कुठे थांबवायची, श्वास कुठे घ्यायचा. "हाय" म्हणाली की वेताची छडी टेबलावर आपटायची आणि "आहे" म्हणून घ्यायचं. अंगाने जरा तिरकं उभं राहायला शिकवलं, म्हणजे चांगला डोळा लोकांकडे येईल आणि गेलेला डोळा भिंतीकडे. तेव्हा मला ती हुशारी वाटत होती. आज तेवढ्या एका गोष्टीची मला लाज वाटते.

एक गोष्ट मात्र मी तिला फार नीट शिकवली. आख्यानात लोकांना प्रश्न टाकला की गप्प राहायचं. उत्तराची घाई करायची नाही. लोक चुळबुळ करतील, खोकतील, करू द्यायचं. कुणीतरी बोलल्याशिवाय चिपळी वाजवायची नाही.

त्याच सुमाराला मायदेशी निघालेल्या एका मडमेने आपल्या पुस्तकांची पेटी शाळेला देऊन टाकली. त्यात एक इंग्रजी कादंबरी होती, पुठ्ठा नसलेली आणि पहिली काही पानं वाळवीने खाल्लेली. तिचं नाव काय आणि लिहिली कुणी, हे मला त्या वेळी कळलं नाही. सुटीत शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आणि शनिवारच्या शिवणाच्या तासाला मुलींना मराठीत सांगायला लागले. एक विद्वान तरुण मेलेल्यांची हाडं-मांस जोडून माणूस तयार करतो. त्याच्यात जीव येतो, तो डोळे उघडतो, आणि त्याचं ते भयंकर रूप बघून हा शहाणा पळून जातो. तो बिचारा एका गरीब घराच्या भिंतीला डोळा लावून बोलायला शिकतो, माणसांत यायला बघतो, लोक त्याला दगड मारतात. शेवटी तो आपल्या कर्त्यावर सूड घ्यायला निघतो आणि त्याची जिवाभावाची माणसं एकेक करून मारतो.

मुली सुया थांबवून ऐकायच्या. बहुतेकींचं म्हणणं पडलं की तो राक्षस दुष्ट. ही कोपऱ्यात काजं करत बसली होती.

"बाई, त्यानं त्येचं नाव काय ठिवलं हुतं?"

मी पानं चाळली. म्हटलं, "नावच ठेवलं नाही."

"मग पयली चूक कुनाची?"

मी खूश झाले. वर्गापुढे उभी राहून मी सांगितलं की बरोबर आहे, मारणाऱ्याचं पाप त्याच्या माथी आहेच, पण जो घडवतो त्याने घडवलेल्याची जबाबदारी घेतलीच पाहिजे, तोंड फिरवून चालत नाही. फार सुंदर बोलले मी. मुलींनी वहीत उतरवून घेतलं.

ती पंधरा वर्षांची झाली तेव्हा वार्षिक भेटीला आलेल्या पंचमंडळींपुढे तिचं पहिलं कीर्तन ठेवलं. मंडळी म्हणजे शाळेचा कारभार बघणारी सात-आठ वजनदार माणसं. कीर्तनाचे दोन भाग असतात. आधी पूर्वरंग, म्हणजे विचार, आणि मग उत्तररंग, म्हणजे त्या विचाराला धरून सांगितलेलं आख्यान. पूर्वरंग असा रंगला की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्याकडे बघून मान डोलवत होत्या. उत्तररंगाला दुष्काळात शेवटचं मूठभर पीठ वाटून खाणाऱ्या विधवेचं आख्यान होतं. मी लिहिलेलं, शब्दन् शब्द. मध्येच ती थांबली. माझी भाषा तिने बाजूला ठेवली आणि आपल्या वाडीच्या बोलीत म्हणाली,

"आन आमच्या बोर्डिंगात काय हाय? एका पंगतीला गव्हाची चपाती, दुसऱ्या पंगतीला हुलग्याचं पातळ माडगं. सांगा, देव कंच्या पंगतीला बसंल?"

तसं होतं खरं. पूर्ण फी देणाऱ्या, मास्तर-पाळकांच्या मुलींची पंगत वेगळी आणि खेड्यांतल्या मुलींची वेगळी. एकाच खोलीत, एकाच वेळी. प्रश्न टाकून ती गप्प उभी राहिली, अगदी मी शिकवल्यासारखी. कुणी खोकलंसुद्धा नाही.

पंचांपैकी एकजण उठले. "हे हिला कुणी शिकवलं?"

इथे एक सांगायला हवं. ते वाक्य माझं होतं. देव कुठल्या पंगतीला बसेल, हे मीच एकदा कोठीच्या खोलीत वैतागून तिच्यापाशी बोलले होते. भिंतीआडची पदं जशी तिने उचलली, तसं हेही उचललं होतं. आणि आपल्या बाईंना जे इतकं टोचतं ते त्या पंचांपुढे सांगायला भितील, असं त्या पोरीच्या मनातही आलं नसेल. माझ्याबद्दल तिचा समजच तसा होता.

मी उभी राहून म्हणाले, "पदं मी शिकवली. हे बोलणं तिचं तिचं आहे."

तिने मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. मी तबल्याकडे बघत राहिले.

तिला शाळेतून काढलं, आणि आठवड्याच्या आत तिचा मामा तिला न्यायला आला. मी वर्गात अपूर्णांक शिकवत होते. खिडकीतून टांगा दिसत होता. मुली कुजबुजायला लागल्या तशी मी फळ्यावर आणखी एक उदाहरण घातलं आणि म्हटलं, खाली बघा. बाहेर गेले नाही. माझी नोकरी राहिली, मानही राहिला. पंगती दोन होत्या त्या दोनच राहिल्या. आणि मी शनिवारच्या तासाला गोष्टी सांगणं बंद केलं.

चार-पाच वर्षं गेली. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं. हळूहळू तिकडच्या खेड्यांतून बातम्या यायला लागल्या की एका डोळ्याची एक तरुण बाई कीर्तनं करत हिंडते. आपल्या ख्रिस्ती वस्त्यांवर करते, मराठ्यांच्या, धनगरांच्या पारावरही करते. बैलगाड्या जोडून माणसं ऐकायला येतात. मला आतून आनंद झाला आणि वरून मी म्हटलं, असेल. मग एक दिवस श्रीगोंद्याकडून बदलून आलेल्या मास्तरांनी चहा पिता पिता सांगितलं, "बाई, ती तुमच्यावर कीर्तन करते म्हणतात. माणूस घडवून पळून गेलेल्या कुणाचंतरी आख्यान आहे. ऐकणाऱ्यांतले जाणते म्हणतात, ते तुम्हीच."

माझा चहा निवून गेला. माझीच कादंबरी, माझ्याच वडिलांच्या चाली, आणि बोलणी मला. त्या रात्री, नंतरही कितीतरी दिवस, मी मनातल्या मनात तिला खरमरीत पत्रं लिहिली. एकही कागदावर उतरलं नाही, कारण प्रत्येकात मला पंचांपुढे बोललेल्या माझ्याच त्या एका वाक्याशी येऊन अडायला व्हायचं.

पुढच्या हंगामाच्या सणाला आमच्या पाळकांनी तिलाच बोलवायचं ठरवलं. नव्या पिकातलं पहिलं धान्य आणून चर्चपुढे ठेवायचं, उपासना झाली की मांडवात कीर्तन, असा तो सण. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुमची हरकत असेल तर पाळकांना सांगते. दुसरं कुणी बघतील."

नको म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. मनात तेच होतं. पण हरकत घ्यायची म्हणजे मी घाबरले असं ठरणार. मी म्हटलं, "येऊ द्या की. मी पहिल्या रांगेत बसेन." मोठं मन वगैरे काही नव्हतं ते, नुसता ताठा होता. पण त्या ताठ्यानेच मला तिथे नेऊन बसवलं, म्हणून त्याला मी नावं ठेवत नाही.

सकाळची उपासना आटोपून मांडव भरला. बाजरीची कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या कडेला रचलेल्या. पंचमंडळी खुर्च्यांवर. ती आली. पांढरं लुगडं, पायात काही नाही. उंच झाली होती. आणि समोर सरळ उभी राहिली, दोन्ही डोळे लोकांकडे, गेलेला आणि असलेला. बघणाऱ्यांपैकी कुणाची नजर घसरली असेल तर पहिल्या पदातच परत आली. गळा तोच होता, पण आता त्यात ताकद होती. पूर्वरंगात तिने एकच गोष्ट लावून धरली, की कुंभाराचं मडकं असो नाहीतर बाईचं लेकरू असो, घडवून झालं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. आणि सगळं "हाय" आणि "न्हाई" मध्ये. माझ्या छडीचा कुठे मागमूस नव्हता. खेड्यांतून आलेल्या बाया एकमेकींना ढोसून सांगत होत्या की ही आपल्यासारखीच बोलती.

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालायचा आणि कीर्तनकाराने हात जोडून आपल्या गुरूचं नाव घ्यायचं, अशी रीत आहे. वडील दरवेळी घ्यायचे, आवाज भरून यायचा त्यांचा. पाळकांनी हार घातला आणि विचारलं, "गुरू कोण आपले?"

मी मान वर करून बसले. म्हटलं, आता माझं नाव निघणार आणि मग शिव्या. त्याची तयारी करूनच आले होते.

ती म्हणाली, "मला गुरू न्हाई. मी भिंताडाआडून शिकले."

एवढंच. ना राग, ना टोमणा. जसं कुणी सांगावं की मला भाऊ नाही. आयुष्यात मला कुणी काही बोललं नाही असं नाही, पण इतकं लागलेलं दुसरं काही आठवत नाही. मी तिला पुसून टाकलं होतं, तिने मला पुसलं. हिशोब चोख होता. मला मांडवातून उठून जावंसं वाटलं. पण गोष्टीतला तो विद्वान नेमका असाच उठून गेला होता, हे मी स्वतःच चाळीस मुलींना उतरवून दिलेलं. मी खुर्चीची कड धरून बसून राहिले.

उत्तररंग सुरू झाला. तीच गोष्ट, पण तिने ती आमच्या मातीत आणली होती. कादंबरीतल्या बर्फाच्या जागी माळ आला होता, मोठ्या घराच्या जागी पंचांची चावडी. तिचा तो कुरूप माणूस कुणाला मारत नव्हता. तो आपल्या कर्त्याला शोधत गावोगाव फिरत होता आणि गात होता,

हातांनी तू घडविलेस मज, का मग नाही म्हटले?
पहिले पाउल उचलताच मी, दारच का रे मिटले?

चाल माझ्या वडिलांची होती. शब्द तिचे, आणि माझ्यापेक्षा चांगले. शेवटी तो माणूस भरल्या चावडीत येऊन कर्त्यापुढे उभा राहतो, इथे ती आली. चिपळी थांबली.

"त्यो म्हनला, मला सोनं नको, नानं नको. तुझा जीव बी नको. ह्या लोकांस्नी येवढंच सांग, मला कुनी केलं?"

आणि ती गप्प राहिली.

लोक चुळबुळले. कुणी खोकलं. पेटीवाला तिच्याकडे बघायला लागला. ती समोर बघत होती, माझ्याकडे नव्हे, कुणाकडेच नव्हे. ती किती वेळ थांबू शकते हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं.

मी उठले. आवाज वर्गातला निघाला.

"हिला मी शिकवलं," मी म्हटलं. "पदं शिकवली, चाली शिकवल्या. पंगतींचं ते बोलणं पाच वर्षांपूर्वी हिने शाळेत बोलून दाखवलं, तेही माझंच होतं. त्या दिवशी मी पंचांपुढे नाही म्हटलं. भ्याले म्हणून म्हटलं. शिक्षा हिने भोगली."

खुर्च्यांवरचे पंच ताठ झाले. या बोलण्याचा पुढे मला लेखी खुलासा द्यावा लागला. मी तो दोन ओळींत दिला आणि खाली विचारलं की पंगती कधी एक करताय. झाल्या, पण त्यालाही वर्ष लागलं.

त्या क्षणी मात्र मला यातलं काही सुचत नव्हतं. मी उभीच राहिले. आता ती पुढे येईल, तिला रडू फुटेल, मी तिला जवळ घेईन, असं माझ्या मनाने धरलं होतं. मांडवातल्या बायांनी पदरही डोळ्यांशी नेले होते. पेटीवाल्याने अंदाजाने करुण सूर धरला. तिने हात वर करून त्याला थांबवलं. मग माझ्याकडे बघितलं, पूर्ण चेहऱ्याने.

"बाई," ती म्हणाली, "बसा खाली. कीर्तन माझं हाय, आन आख्यान अजून सरलं न्हाई."

मी बसले. कुठेतरी मागे हसू फुटलं आणि विरलं. तिने चिपळी वाजवली आणि पुढची ओळ अशी उचलली की सगळा मांडव तिच्यामागे गेला, माझ्याकडे बघायला कुणी उरलं नाही. मोठ्या बाई माझ्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "फारच बोलली हो तुम्हाला. एवढ्या लोकांत."

"बाई, जरा ऐकू द्या मला," मी म्हटलं. "माझी विद्यार्थिनी आहे ती."